पॉवर टिलरचे क्लच : हंगामापूर्वी एक दिवस द्या

मृग नक्षत्र लागले की कोकणातल्या प्रत्येक तालुक्याच्या गॅरेजसमोर एकच देखावा दिसतो. चिखलाने माखलेले दोन-चार पॉवर टिलर रांगेत उभे असतात. मालक मिस्त्रीच्या मागे लागलेले असतात आणि मिस्त्रीला जेवायला वेळ नसतो. प्रत्येकाची तक्रार बहुधा एकच असते : "इंजिन जोरात चालतंय, पण गाडी ओढत नाही." घाईत क्लच खोलला जातो, नव्या प्लेटी पडतात, बिल होते आणि आठ दिवसांनी तोच टिलर तीच तक्रार घेऊन परत येतो. मालकाचा पैसा जातो आणि मिस्त्रीचे नाव जाते. भाताचे रोप मात्र कोणासाठी थांबत नाही. ते २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणी व्हावी लागते.

आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण गॅरेज चालवतात, सुट्या भागांची दुकाने चालवतात किंवा स्वतः टिलर भाड्याने देतात. त्यांच्यासाठी या यंत्राच्या क्लचची नीट माहिती येथे देत आहोत. क्लच बसवणे बहुतेकांना येते. पण दोष नेमका कुठे आहे हे ओळखून तेवढाच दुरुस्त करणे, हा खरा हुनर आहे.

यंत्राची ओळख

पॉवर टिलर आपल्याकडे जपानमधून आला. १९६० नंतरच्या दशकात भारतात त्याचा प्रसार सुरू झाला. १९६७ साली बंगळूरमध्ये व्ही. एस. टी. ही कंपनी निघाली आणि तिने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलर बनवले. केरळमध्ये १९७३ साली कामको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे यंत्र कुबोटाच्या धर्तीचे आहे. आजही भातशेतीच्या पट्ट्यात या दोन घराण्यांची यंत्रे सर्वत्र दिसतात. पुढे चिनी बनावटीचे टिलरही मोठ्या संख्येने आले. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने पॉवर टिलरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत घातली. त्यामुळे आधी आलेल्या चिनी यंत्रांचे भाग मागवताना नमुना हातात घेऊनच खरेदी करावी. बाहेरून सारखी दिसणारी प्लेट दात्यात किंवा जाडीत वेगळी निघते.

या यंत्रात ताकद चाकापर्यंत कशी पोहोचते हे आधी डोळ्यांसमोर आणावे. पुढे एक सिलिंडरचे आडवे डिझेल इंजिन असते. त्याच्या पुलीवरून व्ही पट्टे मागच्या पुलीवर जातात. त्या मागच्या पुलीच्या पोटात मुख्य क्लच असतो. हा कोरडा, अनेक प्लेटींचा क्लच असतो. तेथून ताकद गिअरबॉक्समध्ये जाते आणि शेवटी दोन्ही चाकांच्या दोन वेगळ्या स्टिअरिंग क्लचमधून चाकांना मिळते. म्हणजे इंजिन आणि जमीन यांच्यामध्ये तीन ठिकाणी सांधा आहे : पट्टे, मुख्य क्लच आणि दोन स्टिअरिंग क्लच. तक्रार कोणतीही असो, ती या तीनपैकी कोणत्या सांध्याची आहे हे आधी ठरवावे आणि मगच पाना हातात घ्यावा.

वळण्याची रीत

टिलरला मोटारीसारखे स्टिअरिंग नसते आणि डिफरन्शियलही नसते. डाव्या मुठीखालची लीव्हर दाबली की डाव्या चाकाची ताकद तुटते. उजवे चाक पुढे जात राहते आणि यंत्र डावीकडे वळते. एका बाजूची ताकद तोडून वळवण्याची ही रीत जुनीच आहे. बुलडोझर अशाच तत्त्वावर वळतो. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर जागच्या जागी गरकन फिरणारे छोटे लोडर दिसतात, त्यांचा जन्मही याच तत्त्वातून झाला. १९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर नावाच्या दोन भावांनी टर्की कोंबड्यांच्या खुराड्यातली घाण काढण्यासाठी पहिला लोडर बनवला. हे भाऊ व्यवसायाने लोहार-फिटरच होते. पुढे मेलरो कंपनीने तो यंत्रप्रकार घेतला आणि १९६२ मध्ये त्याला बॉबकॅट हे नाव मिळाले. त्या जुन्या लोडरमध्ये दोन्ही बाजूंची चाके क्लचवर चालत. आजचे लोडर हायड्रॉलिक मोटरवर चालतात, म्हणून त्यांना या क्लचची कटकट नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. त्या जुन्या लोडरचे क्लच घर्षणावर चालत, म्हणजे प्लेट प्लेटीला घासून हळूहळू पकडत असे. टिलरचा मुख्य क्लच तसाच आहे. पण टिलरचे स्टिअरिंग क्लच दात्यांचे आहेत. त्यात दाता दात्यात बसतो किंवा सुटतो. मधली अवस्था नाही. म्हणून मुख्य क्लचला लावायची रीत स्टिअरिंग क्लचला लावून चालत नाही.

आधी दोष ओळखा

"गाडी ओढत नाही" या तक्रारीत दोष पट्ट्यात आहे की क्लचमध्ये, हे पाहण्याची साधी युक्ती आहे. टिलर भाराखाली चालवावा. दुसऱ्या माणसाने दूर उभे राहून पट्ट्याच्या जाळीतून दोन्ही पुल्यांकडे पाहावे. जाळी काढू नये आणि हात तर मुळीच जवळ नेऊ नये. इंजिनाची पुली फिरते आहे पण मागची पुली मंदावली किंवा थांबली, तर पट्टे घसरत आहेत. अशा वेळी जळक्या रबराचा वास येतो. दोन्ही पुल्या जोरात फिरत आहेत आणि चाके मात्र थांबली आहेत, तर मुख्य क्लच घसरतो आहे. प्लेटीच्या जळण्याचा वास वेगळा आणि उग्र असतो. एकदा अनुभवला की विसरत नाही. दोन्ही पुल्या फिरत आहेत आणि एकच चाक थांबते आहे, शिवाय कट्-कट् असा आवाज येतो आहे, तर दोष स्टिअरिंग क्लचच्या दात्यांत आहे.

ही पाच मिनिटांची तपासणी न केल्याने किती नुकसान होते, याचा एक प्रसंग आमच्या पाहण्यातला आहे. एका शेतकऱ्याने एकाच हंगामात दोनदा क्लच प्लेटी बदलून घेतल्या. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मिस्त्रीने पट्टे पाहिले. तीन पट्ट्यांपैकी दोन जुने होते, एक नवा होता आणि सगळा भार त्या एकाच पट्ट्यावर येत होता. नव्या पट्ट्यांचा जोड बसवला, ताण दिला आणि यंत्र पूर्ववत चालू लागले. काढून टाकलेल्या प्लेटींत अजून बराच जीव होता.

पहिले काम : पट्टे

इंजिन बंद करून आणि थंड झाल्यावर जाळी काढावी. दोन पुल्यांच्या मध्यावर पट्टा अंगठ्याने दाबावा. साधारण अर्धा इंच दबला तर ताण ठीक समजावा. कंपनीच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच धरावा. पट्टा फार ढिला असेल तर घसरतो आणि जळतो. फार ताणला तर इंजिनाच्या आणि क्लच पुलीच्या बेअरिंगवर भार येतो, आणि बेअरिंग गेले की ऑइलसील जाते. काही मॉडेलांत ताण देण्याची वेगळी पुली असते. काहींत इंजिनाचे बोल्ट सैल करून इंजिन पुढे सरकवावे लागते. इंजिन सरकवल्यावर दोन्ही पुल्यांच्या कडेला दोरी ताणून धरावी. दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. इंजिन तिरके बसले तर नवा पट्टाही कडेने खाल्ला जातो.

व्ही पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना धरून चालतो, तळाला टेकून नव्हे. पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसत असेल तर पट्टा किंवा पुली झिजली आहे. अशा पट्ट्याला कितीही ताण दिला तरी तो घसरणारच. पट्टे नेहमी एकाच मापाचा, एकाच कंपनीचा पूर्ण संच म्हणून बदलावेत. पट्ट्याला राळ, मेण किंवा ग्रीस लावण्याची सवय सोडावी. तासभर बरे चालते आणि नंतर रबर फुगून खराब होते. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा लांबतो, म्हणून पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर ताण पुन्हा पाहावा. ग्राहकाला हे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर तो "नवीन पट्टाही सैल झाला" म्हणून भांडायला येतो.

दुसरे काम : मुख्य क्लच

मुख्य क्लचची लीव्हर एका टोकाला ‘चालू’ आणि दुसरीकडे ‘बंद’ असते. बऱ्याच मॉडेलांत ती आणखी मागे ओढली की ब्रेक लागतो. लीव्हर हलवल्यावर सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागली पाहिजे आणि नंतर जोर जाणवला पाहिजे. ही मोकळी चाल म्हणजे क्लचचा प्राण आहे.

मोकळी चाल अजिबात नसेल तर क्लच कायम थोडासा सुटलेला राहतो. प्लेटी घसरतात, तापतात आणि दाबणारे बेअरिंग सतत फिरून आवाज करू लागते. चाल फार असेल तर उलटा प्रकार होतो. लीव्हर पूर्ण ओढूनही क्लच सुटत नाही, गिअर टाकताना खरखर होते आणि यंत्र जागेवरून सरकते. प्लेटी झिजत जातात तशी ही चाल बदलते. म्हणूनच ती वेळोवेळी लावून घ्यावी लागते.

लावण्याची पद्धत अशी ठेवावी :

१) इंजिन बंद करावे. सळईची किंवा वायरची दोन्ही टोके साफ करावीत. वायरचे धागे तुटले असतील किंवा पिनचे भोक लांबट झाले असेल तर आधी तो भाग बदलावा. झिजलेल्या पिनवर केलेली जुळणी टिकत नाही.

२) लॉकनट सैल करावा. जुळणीचा नट एका वेळी अर्धाच फेरा फिरवावा आणि किती फेरे दिले ते खडूने लिहून ठेवावे. चुकले तर मूळ जागी परत येता येते.

३) प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर लीव्हर हलवून मोकळी चाल पाहावी. पुस्तिकेतील माप मिळाले की थांबावे आणि लॉकनट घट्ट करावा.

४) पट्टे मोकळे असताना गिअर टाकून तपासावे. लीव्हर ‘बंद’ ठेवली तर क्लचची पुली हाताने सहज फिरली पाहिजे. लीव्हर ‘चालू’ केली तर ती फिरता कामा नये. दोन्ही गोष्टी जमल्या तरच जुळणी झाली असे समजावे.

५) ब्रेक त्याच लीव्हरवर असेल तर त्याचीही जुळणी पाहावी. क्लच पूर्ण सुटल्यानंतरच ब्रेक लागला पाहिजे, आधी नव्हे.

नट आट्यांच्या शेवटापर्यंत जाऊनही चाल मिळत नसेल तर जुळणीची वेळ संपली आणि प्लेटी बदलण्याची वेळ आली, असा त्याचा अर्थ आहे. काही मिस्त्री सळई वाकवून किंवा वॉशर भरून दिवस ढकलतात. त्याने क्लचचे घर खराब होते आणि पुढचे बिल दुप्पट होते.

क्लच खोललाच तर चार गोष्टी पाहाव्यात. प्लेटीचे अस्तर एकसारखे झिजले आहे का? लोखंडी प्लेटी तापून निळ्या झाल्या आहेत किंवा वाकल्या आहेत का? त्या काचेवर ठेवल्या की लगेच कळते. स्प्रिंगांची उंची सारखी आहे का? आणि ड्रमच्या ज्या खाचांत प्लेटींचे कान सरकतात, तेथे खड्डे पडले आहेत का? हा शेवटचा दोष सर्वांत जास्त नजरेआड होतो. कान खड्ड्यात अडकला की प्लेट सरकत नाही आणि नव्या प्लेटी घालूनही क्लच सुटत नाही. बारीक खड्डे कानसीने साफ करता येतात. खोल असतील तर ड्रमच बदलावा.

प्लेटींवर तेल दिसले तर ते आले कुठून, ते आधी शोधावे. बहुधा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे ऑइलसील गेलेले असते. पेट्रोलने प्लेटी धुऊन परत बसवल्या तर चार दिवस चालतील. सील बदलल्याशिवाय तो दोष जाणार नाही. आणखी एक इशारा : जुन्या प्लेटींच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते. ती धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून काढावी. ती धूळ फुप्फुसात बसली तर तिचा परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतो. गॅरेजमध्ये काम शिकायला आलेली मुले तर याच धुळीत बसलेली असतात.

तिसरे काम : स्टिअरिंग क्लच

येथे मोकळी चाल फारच थोडी लागते, पण ती लागतेच. वायर जास्त ताणलेली असेल तर दाते पूर्ण आत बसत नाहीत. निम्म्या दात्यावर भार येतो, कडा गोल होतात आणि रोटरी जमिनीत जोर खाऊ लागली की दाते उसळून सुटतात. हीच ती कट्-कट्. वायर सैल असेल तर दाते पूर्ण सुटत नाहीत आणि यंत्र वळत नाही. मग चालवणारा अंगाच्या जोरावर दांडा ढकलून वळवतो. संध्याकाळी कंबर धरून बसलेल्या ड्रायव्हरचे दुखणे कित्येकदा या दीड वितीच्या वायरमध्ये असते.

तपासणी अशी करावी : यंत्र सपाट जागी भक्कम लाकडी ठोकळ्यांवर घेऊन दोन्ही चाके जमिनीवरून सुटी करावीत. इंजिन बंद, गिअर टाकलेला, मुख्य क्लच ‘चालू’. आता कोणतेही चाक हाताने फिरता कामा नये. डावी लीव्हर दाबावी. डावे चाक मोकळे फिरले पाहिजे. लीव्हर सोडून चाक थोडे मागेपुढे करावे. दाते खट्ट करून बसले पाहिजेत. मग उजवी बाजू तशीच पाहावी. दाते उशिरा बसत असतील तर स्प्रिंग थकली आहे किंवा बाहेरचा आर्म गंजून जाम झाला आहे. आर्म साफ करून ग्रीस देऊन पाहावे. त्यानंतरच आतला भाग खोलावा. कडा गोल झालेले दाते घासून तीक्ष्ण करण्याचा प्रयत्न करू नये. वरचे कडक पोलाद निघून जाते आणि आतला मऊ भाग लगेच झिजतो.

हे दाते गिअरबॉक्सच्या तेलात चालतात. चिखलणीत लोखंडी चाके लावून यंत्र पोटापर्यंत पाण्यात जाते. चाकाच्या शाफ्टचे सील कमजोर असेल तर पाणी आत शिरते. तेल दुधासारखे पांढरट दिसले की ते त्याच दिवशी बदलावे आणि सीलही बदलावे. पाणी मिसळलेल्या तेलात एक हंगाम काढला तर गिअर आणि बेअरिंग दोन्ही जातात.

उतारावरचा धोका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टिलरला ट्रेलर जोडून जांभा चिरे, वाळू किंवा भाताचे भारे वाहण्याची पद्धत सर्वत्र आहे. उतारावर स्टिअरिंग क्लच उलटा वागतो. चढावर किंवा सपाटीवर इंजिन चाकांना ओढत असते. उतारावर वजन चाकांना ढकलते आणि इंजिन त्यांना धरून ठेवते. अशा वेळी डावी लीव्हर दाबली तर डावे चाक मोकळे सुटून जोरात पळते, उजवे चाक इंजिनाने धरलेले असते आणि यंत्र डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळते. वळणावर नवख्या माणसाला हे कळेपर्यंत यंत्र दरीत किंवा ओढ्यात गेलेले असते.

म्हणून ग्राहकाला यंत्र परत देताना तीन गोष्टी तोंडी सांगाव्यात. उतरण सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर मुख्य क्लच सोडू नये, कारण इंजिनाची धर सुटते. आणि उतारावर किंवा वेगात असताना स्टिअरिंग लीव्हरला हात लावू नये, हळू करून दांड्यानेच वळवावे. या सांगण्याचे पैसे मिळत नाहीत. पण दुसऱ्याचे यंत्र आणि त्याचा जीव आपल्याकडे अमानत म्हणून आलेला असतो.

हंगामानंतर आणि हंगामापूर्वी

लावणी संपली की यंत्र धुऊन, पट्ट्यांवरचा चिखल काढून, सुकवून ठेवावे. क्लचच्या घरावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. यंत्र महिनोन् महिने उभे राहणार असेल तर मुख्य क्लचची लीव्हर ‘बंद’ स्थितीत ठेवावी. ‘चालू’ ठेवली तर दमट हवेत प्लेटी गंजून एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या वर्षी क्लच सुटतच नाही. चाकांना दगडाचे अडसर मात्र लावावेत.

गॅरेजवाल्यांनी हे काम एप्रिल-मेमध्येच बोलावून घ्यावे. ओळखीच्या मालकांना निरोप पाठवावा की पट्टे, क्लच, तेल तपासून घ्या. हंगामात घाईने केलेल्या दहा कामांपेक्षा आधी शांतपणे केलेली पाच कामे जास्त बरकत देतात. आपल्या भागात जी दोन-तीन मॉडेले जास्त आहेत, त्यांचे पट्ट्यांचे संच, वायर, स्प्रिंगा, ऑइलसील आणि प्लेटींचा एखादा संच मे महिन्यातच भरून ठेवावा. जूनमध्ये रस्ते बंद पडले की एका सीलसाठी दोन दिवस जातात.

बिलात मजुरी आणि सामान वेगळे लिहावे. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा आणि तो का बदलला हे दाखवावे. दोष फक्त वायरचा असेल तर वायरचेच पैसे घ्यावेत. प्लेटी बदलल्या असत्या तर त्या दिवशी जास्त मिळाले असते हे खरे. पण गावात एका मालकाने दुसऱ्याला सांगितले की "त्या मिस्त्रीकडे जा, तो नसलेला दोष काढत नाही," तर तेवढ्यावर दुकान पुढची वीस वर्षे चालते.